कडेपासून थोडं आत

सायकल शिकवताना वडिलांनी एकच नियम घालून दिला होता : डावी कड सोडायची नाही. तेव्हाच्या पुण्यात तो बरोबरच होता. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर सायकली असायच्या, आणि दिव्याशिवाय किंवा डबलसीट जाणाऱ्याला पोलीस हटकायचे. कडेनं गेलं की मागची मोटार निमूट पुढे निघून जायची.

आता त्या कडेला काय काय असतं ते बघा. लावलेल्या गाड्यांची रांग, रस्त्याच्या खाली खचलेली चेंबरं, कुणी हात केला की जागच्या जागी थांबणारी रिक्षा, पेव्हर ब्लॉकचा ढीग आणि समोरून उलटी येणारी एखादी ॲक्टिव्हा. डावीकडेच राहायचं हे खरं, पण कडेला चिकटायचं नाही. नव्यानं सायकल घेणाऱ्यांना मी आधी हेच सांगते, आणि बहुतेकांना ते पटत नाही. कडेला सुरक्षित वाटतं ना!

माझं कॉलरबोन मोडलं ते कर्वे रस्त्यावर, अशाच कडेला. वेग बेताचा होता, सिग्नल हिरवा होता, कानात गाणी नव्हती. उभ्या गाडीचं उजवं दार उघडलं, बस्स. गृहस्थ भले होते, उचलायला धावले. “ताई, दिसलाच नाहीत हो,” असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. बघितलं असतं तर दिसले असते, हे त्या वेळी बोलायला मला श्वास नव्हता. हेल्मेटला तडा गेला, डोकं शाबूत राहिलं. सायकलवर हेल्मेटची सक्ती नाही, म्हणून ते घालायचं की नाही यावर लोक वाद घालतात. मी आता त्या वादात पडत नाही.

मोटारीचं दार पुरतं उघडलं की साधारण मीटरभर रस्ता खातं. तेव्हा उभ्या गाड्या आणि आपलं हँडल यांच्यात निदान तेवढं अंतर हवं. गाडीच्या आत बघत जायची सवय लावून घ्यावी. चालकाच्या जागी डोकं दिसतंय का, मागचा लाल दिवा आत्ताच विझलाय का, पुढचं चाक उजवीकडे वळलेलं आहे का. अंतर ठेवायला जागाच नसेल, तर माणसाच्या चालीइतका वेग. दोन उभ्या गाड्यांमध्ये मोकळी जागा दिसली की आत शिरायचं आणि पुढची गाडी आली की बाहेर यायचं, हेही करू नये. आपल्याला वाटतं आपण मागच्याला वाट देतोय. त्याच्या दृष्टीनं आपण दर वेळी अचानक उगवतो. सरळ रेषेत चालवावं. रस्ता अरुंद असेल तिथे खुशाल लेनच्या मधोमध राहावं, रुंद झाला की डावीकडे सरकून मागच्यांना जाऊ द्यावं. हॉर्न वाजतील. हॉर्न वाजवणाऱ्याला आपण दिसलेलो असतो, हा त्यातला फायदा.

आपण स्वतः गाडीत बसल्यावर काय करावं, तेही इथेच सांगते, कारण सायकलवाले कॅबनंही फिरतात. चालकानं उजवं दार डाव्या हातानं उघडावं, मागे डावीकडे बसलेल्यानं उजव्या हातानं. अंग आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. घरच्यांना ही सवय लावायला मला बरीच कटकट करावी लागली.

वळण्याआधी हात दाखवावा, आणि हात दाखवण्याआधी मागे बघावं. मागे बघताना सायकल त्याच बाजूला ओढली जाते, म्हणून हे आधी मोकळ्या मैदानात घोटून घ्यावं.

बसच्या बाबतीत मात्र मी फार कडक आहे. पीएमपीची बस सिग्नलला उभी असते, तिच्या डावीकडे सायकल जाईल एवढी फट दिसते आणि मोह होतो. त्या फटीत शिरू नका. बस डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं जात नाहीत, ती आतून, कोपरा कापत जातात. आत्ता दिसणारी फट वळताना उरतच नाही. शिवाय तिथे आपण चालकाला दिसत नाही. सोपी खूण अशी, की बसच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. डंपर आणि काँक्रीट मिक्सरच्या बाबतीत हेच दुप्पट. थांब्यावर बस डावीकडे येऊ लागली, तर मागे थांबावं. तिच्या आणि थांब्याच्या मधून सायकल घालणं म्हणजे उतरणाऱ्या आजींच्या अंगावर जाणं.

जूनमधला पहिला पाऊस आपल्याला आवडतो, रबराला नाही. महिनोन्‌महिने साचलेलं तेल आणि धूळ वर येते आणि रस्ता निसरडा होतो. झेब्रा पट्ट्यांचा रंग, चेंबरची झाकणं, खोदकामावर टाकलेले लोखंडी पत्रे या सगळ्यांवरून सरळ जावं. तिथे वळायचं नाही, ब्रेकही लावायचा नाही. साध्या रिम ब्रेकचं रबर ओल्या रिमवर आधी पाणी पुसतं आणि मग पकडतं, म्हणून ब्रेक लवकर आणि दोन्ही लावावेत. नुसता पुढचा करकचून दाबला की सायकल थांबते आणि आपण पुढे जातो. गटारांवरच्या ज्या जाळ्यांच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनं असतात त्यांत बारीक टायर अडकतो. आणि मुलाला कॅरिअरवर बसवत असाल, तर मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी आणि पाय टेकायला पायदान बसवून घ्या. चाकाच्या तारांत टाच जायला क्षण लागतो.

उलट दिशेनं जाण्याबद्दल आम्हा पुणेकरांना सांगायची लाज वाटते. फर्ग्युसन रस्ता एका दिशेचा, जंगली महाराज रस्ता दुसऱ्या दिशेचा, आणि “एवढंसं तर जायचंय” म्हणत दोन्हींवर उलटे जाणारे रोज दिसतात. सायकलवाल्यांना तर नो एंट्री आपल्यासाठी नसतेच असं वाटतं. गल्लीतून डावीकडे वळून मुख्य रस्त्याला लागणारा चालक फक्त उजवीकडे बघतो, कारण वाहनं तिकडूनच येतात. तुम्ही डावीकडून आलात, तर तो तुमच्या अंगावर वळेल आणि त्यात त्याचा फारसा दोषही नसेल. शिवाय सरळ येणाऱ्या दुसऱ्या सायकलवाल्याला तुमच्यामुळे भर वाहतुकीत यावं लागतं. संध्याकाळच्या कर्वे रस्त्याचा कंटाळा आला, तर मेट्रोत सायकल नेता येते. उलटं जाण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

दिव्यांचं थोडक्यात : पुढे पांढरा, मागे लाल, आणि मडगार्डवर चमकणारी पट्टी. पुढच्या दिव्याचं तोंड रस्त्याकडे असावं. हल्लीचे लुकलुकणारे प्रखर दिवे समोरच्याच्या डोळ्यांत मारले, तर आंधळा होऊन तो आपल्याकडेच येणार.

आता आमच्या लोकांना न आवडणारी गोष्ट. सायकल चालवणारे स्वतःला फार पुण्यवान समजतात. धूर नाही, आवाज नाही, म्हणून फुटपाथ आपला, झेब्रा क्रॉसिंगही आपलं. पण आवाज नाही हेच पायी चालणाऱ्याच्या दृष्टीनं वाईट. मोटारीची चाहूल लागते, सायकलची लागत नाही, आणि म्हातारा माणूस दचकून नेमका आपल्याच बाजूला सरकतो. मोटारवाल्याकडून मी जे मीटरभर अंतर मागते, ते पायी चालणाऱ्यालाही द्यायला हवं. त्याच्या पाठीशी येऊन कर्रर्र घंटी वाजवू नये. दुरूनच एकदा हलकी वाजवावी, वेग कमी करावा, आणि तो सरकला नाही तर वाट बघावी. महापालिकेनं २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला, पाठोपाठ भाड्याच्या सायकली आल्या आणि गेल्या. काही ठिकाणी फुटपाथलगत सायकल मार्ग झाले, त्यांवर लोक चालतात म्हणून आम्ही कुरकुरतो. मात्र शेजारच्या फुटपाथवर दुचाक्या लावलेल्या असतात आणि टपऱ्या असतात. लोकांनी चालावं कुठे?

जंगली महाराज रस्त्यावर संध्याकाळी असंच होतं. मुलं, फुगेवाले, बागेतून बाहेर पडणारी कुटुंबं. तिथे घंटी वाजवत वळणं घेत जाण्यात अर्थ नाही. उतरावं आणि सायकल हातात धरून चालावं. संभाजी बागेसमोरचं तेवढं अंतर पार करायला पाच मिनिटंही लागत नाहीत.