दुःखाची तक्रार कोणाकडे न्यावी?



2012-13चा दुष्काळ आपला जालना जिल्हा विसरू शकत नाही. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लेकरासारखी वाढवलेली झाडे शेतकऱ्यांना स्वतःच्या हाताने तोडावी लागली. तेव्हा मी मदरशात शिकत होतो. सुटीत घरी आलो असता एका बागायतदार बुजुर्गांनी मला विचारले, “बेटा, दुआसाठी हात उचलले की रडूच येते. सब्र करणारा असा रडतो का? माझे ईमान कच्चे तर नाही ना?” मी पाठ केलेले उत्तर दिले : सब्र करा. ते उत्तर किती अपुरे होते, हे पुढे सूरह यूसुफ शिकताना ध्यानी आले.

हजरत याकूब (अलै.) यांचा पुत्र दुरावला, तेव्हा त्यांनी ‘सब्रे जमील’चा, म्हणजे सुंदर सब्राचा मार्ग धरला. त्याच याकूबांचे डोळे शोकाने पांढरे पडले, हेही कुरआनच सांगते. मुलांनी टोकले, तेव्हा त्यांचे उत्तर होते की, माझ्या दुःखाची तक्रार मी केवळ अल्लाहपाशीच करतो (आयत 86). म्हणजे सब्र आणि अश्रू यांत वैर नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांचेही डोळे पुत्र इब्राहीम यांच्या मृत्युसमयी भरून आले होते. मनाई आहे ती ऊर बडवून आक्रोश करण्याची आणि रब्बच्या निर्णयाला दोष देण्याची. आपल्याकडे, विशेषतः पुरुषांना, रडण्याची जी लाज शिकवली जाते, ती दीनची शिकवण नव्हे.

इस्तिस्काच्या, म्हणजे पावसाच्या नमाजीकडेच पाहा. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते इस्तिस्काचे मूळ दुआ व इस्तिगफारात आहे, त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.) जमातीने दोन रकअत सांगतात. लोकांनी साध्या, जुन्या कपड्यांत, मान झुकवून, पायी मैदानात जावे. वृद्धांना व लेकरांना सोबत न्यावे. निघण्यापूर्वी तौबा करावी, सदका द्यावा, कोणाचा हक्क दाबला असेल तर तो परत करावा. दुआच्या वेळी इमाम आपली चादर उलटी करतो : या अल्लाह, आमची ही अवस्थाही अशीच पालट. एका दिवसाने पाऊस आला नाही तर लागोपाठ तीन दिवस जावे, असे फुकहा सांगतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे, हे आधीच सांगून ठेवले आहे! त्या बुजुर्गांना हे मी सांगायला हवे होते. कोरडे आभाळ हा दुआ नाकारल्याचा पुरावा नव्हे. बंदा मागायला येतो. केव्हा आणि कोणत्या रूपाने द्यायचे, हे देणारा जाणतो.

आता आयत 86च्या लगेच पुढची, 87वी आयत वाचा. अल्लाहपाशी तक्रार नेणारे तेच याकूब (अलै.) मुलांना सांगतात की, जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका. मुसल्ल्यावरून उठून शोधाला निघणे, हेही त्याच तवक्कुलमध्ये येते. म्हणून कर्जाचे ओझे असेल तर घरात उघड बोला. मनात जीव संपवण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा, डॉक्टरांकडे जा. आजारासोबत उपायही अल्लाहनेच उतरवला, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. अशा माणसाला ‘नमाज पढ, बरे वाटेल’ एवढे बोलून वाटेला लावणारे आम्ही इमाम लोकही चुकतो, हे कबूल केले पाहिजे.

कठीण प्रसंग आला की प्रेषित (स.) नमाजीकडे धाव घेत. आपणही आज रात्री वुजू करून दोन रकअत अदा करावी. पाणी कमी असेल तरी अडत नाही, प्रेषित (स.) एका मुद्दात, साधारण लिटरभर पाण्यात वुजू करीत. सलाम फेरल्यावर अरबी दुआ आठवत नसेल तर आपल्या घरच्या बोलीत बोलावे : बागेचे, हप्त्याचे, दवाखान्यातल्या लेकराचे नाव घेऊन. आवाज फुटला नाही आणि नुसतेच रडू आले, तर रडावे.