कोंबड्या केव्हा वाढवाव्या?

घरी चार कोंबड्या आहेत. रोज एक-दोन अंडी मिळतात. मग मनात येते, आणखी दहा कराव्या. विचार चांगला आहे. पण आम्ही सांगतो, घाई करू नये. पिले मेली तर घरचा पैसा जातो.

थंड मुलखात लोक हिवाळा सरेपर्यंत थांबतात. पूर्ण पिसे येईपर्यंत पिलाला ऊब लागते. ते गारठ्यात तगत नाही. आपल्या दिघ्यात तशी थंडी नाही. पण पारसिकच्या डोंगराखाली चार महिने पाऊस कोसळतो. खुराड्यात ओल येते. भिजलेले पिलू गारठते. ओलीने रक्ती हगवण होते. म्हणून आपण पावसाळा सरू द्यावा.

दसरा-दिवाळीला कोंबडी खुडूक झाली, की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवावी. २१ दिवसांनी पिले निघतात. पुढच्या पावसापर्यंत ती सात महिन्यांची होतात. मोठी कोंबडी पावसाला तोंड देते.

पण बारा अंड्यांच्या बारा कोंबड्या होत नाहीत. काही अंडी वाया जातात. निघालेल्या पिलांत साधारण निम्मे कोंबडे असतात.

अंडी ठेवण्याआधी आपण तीन गोष्टी पाहू.

जागा : रात्री एका कोंबडीला दीड-दोन चौरस फूट जागा हवी. पालिकेचा नियमही विचारून घ्यावा. शेजाऱ्यांना त्रास होऊ नये.

दाणा : मोठी कोंबडी दिवसाला सुमारे १०० ग्रॅम खाते. दहा कोंबड्यांना महिन्याला ३० किलो झाले. खेड्यात कोंबडी शेतात, उकिरड्यावर चरते. दिघ्यात घरांची दाटी. इथे बराच दाणा विकत आणावा लागतो.

लस : मानमोडी आली की खुराडे रिकामे होते. तिलाच राणीखेत म्हणतात. तिच्यावर औषध नाही, लस आहे. पहिली लस पहिल्या आठवड्यात थेंबाने देतात. पुढची आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचतात. गुरांच्या डॉक्टरांना विचारावे. विकत आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी.

तिन्ही गोष्टी जमल्या तर वाढवू. एक जरी जमली नाही, तर आहेत त्या चारच नीट सांभाळू.

सांगा पाहू :
१. दिघ्यात अंडी केव्हा ठेवावी? का?
२. सहा कोंबड्यांना महिन्याला किती दाणा लागेल?
३. मानमोडी टाळायला काय करावे?