साध्या धक्क्याने हाड मोडलं, तर आधी एक्स-रे

मैत्रिणींनो, हा पाठ बैठकीत मोठ्याने वाचा.

हाडात सुरू होणारा कॅन्सर बऱ्याचदा १० ते २० वर्षांच्या मुलामुलींना होतो, तोही जास्त करून गुडघ्याजवळ. गाठ हाड आतून पोखरते. मग नुसता पाय मुरगळला तरी हाड मोडतं. अशा १०० रुग्णांपैकी साधारण ५ ते १० जणांचं हाड असं मोडतं.

मोडल्या जागी रक्त साठतं. त्याबरोबर गाठीच्या पेशी आजूबाजूच्या मांसात पसरू शकतात. म्हणून उपचार अवघड होतात. पण सगळं संपलं, असं नाही! पूर्वी बहुतेकदा पाय कापावा लागे. आता आधी केमोथेरपी देऊन बऱ्याच जणांचा पाय वाचवता येतो.

लक्षात ठेवा:

१. रात्री झोप मोडणारं, आठवडेच्या आठवडे टिकणारं दुखणं किंवा वाढती सूज असेल, तर ‘वाढीचं वय आहे’ म्हणून सोडू नका.

२. साध्या धक्क्याने हाड मोडलं तर चोळू नका, हाडवैद्याकडून ओढून घेऊ नका. फळीचा आधार देऊन दवाखान्यात न्या.

३. एक्स-रेमध्ये गाठीची शंका आली, तर घाईने रॉड बसवू नका. रॉडमुळे पेशी हाडभर पसरू शकतात. आधी कॅन्सर रुग्णालयात तुकडा तपासून घ्या.

४. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत ठेवा.

चर्चेसाठी प्रश्न: आपल्या गावात हाड मोडलं की पहिल्यांदा कुठे नेतात? का?