एका रात्रीची राखण

(थंड प्रदेशांत हिवाळा संपल्यावरही कधी कधी एखादी कडाक्याची रात्र येते. त्या एका रात्रीत बागेचे वर्षभराचे उत्पन्न जाऊ शकते. असे का होते आणि त्या रात्री झाडांना कसे जपावे, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, मराठी शिकताना काही शब्द आपल्याला हमखास चकवतात. ‘पाला’ हा त्यांपैकीच एक. ‘फसल को पाला मार गया’ असे उर्दूत म्हटले, की दव गोठण्याइतकी थंडी पडली आणि पीक करपले, असा अर्थ होतो. मराठीत मात्र पाला म्हणजे झाडाची पाने. मुळ्याचा पाला, कडुनिंबाचा पाला आणि वाळून खाली पडला की पालापाचोळा! थोडक्यात, उर्दूतला पाला हा मराठीतल्या पाल्याचा वैरी आहे. या वैऱ्याची आज ओळख करून घेऊ.

हा वैरी हिवाळ्यात येतो, यात नवल नाही. पण फळबागांचे मोठे नुकसान तो करतो, ते हिवाळा सरल्यावर. हे कसे, ते पाहण्यासाठी आपण काश्मीरला जाऊ.

काश्मीरच्या हिवाळ्याची नावे तुम्हांला ओळखीची वाटतील. २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांना तिथे ‘चिल्लई कलां’ म्हणतात. पुढचे २० दिवस ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटचे १० दिवस ‘चिल्लई बच्चा’. कलां म्हणजे मोठा, खुर्द म्हणजे लहान. आपल्या महाराष्ट्रातही एकाच नावाची दोन गावे जवळजवळ असली, तर एकाला ‘खुर्द’ आणि दुसऱ्याला ‘बुद्रुक’ म्हणतात. हा ‘बुद्रुक’ म्हणजे तुमचा ‘बुजुर्ग’च!

चिल्लई कलांमध्ये श्रीनगरचा पारा रात्री शून्याच्या खाली कितीतरी अंश उतरतो. नळांतले पाणी गोठते. दल सरोवराच्या काठाला बर्फ धरते. तरीही बदामाची आणि सफरचंदाची झाडे मरत नाहीत. मार्च महिन्यात हरी पर्वताच्या पायथ्याची बदामवारी फुलते. एप्रिलमध्ये सफरचंदाच्या बागा फुलांनी पांढऱ्या होतात. लोक म्हणतात, थंडी गेली. आणि मग एखाद्या रात्री पारा शून्याच्या थोडासाच खाली जातो. उणे २, उणे ३. हिवाळ्यात याच झाडांनी याहून कितीतरी जास्त थंडी सोसलेली असते. पण आता एवढ्याशा थंडीनेही फुले मरतात. असे का होत असेल?

याचे उत्तर कळीत आहे. हिवाळ्यात झाड झोपलेले असते. त्याची कळी टणक खवल्यांत गुंडाळलेली असते. तिच्यात पाणी कमी आणि साखरेसारखे पदार्थ जास्त असतात. त्यामुळे ती सहजासहजी गोठत नाही. थंडीचे पुरेसे दिवस गेले, की झाड उबेची वाट पाहू लागते. ऊब मिळताच कळी पाणी भरून घेते, फुगते आणि उमलते. एकदा उमललेली कळी पुन्हा मिटून झोपू शकत नाही. आपण रजई दूर फेकून द्यावी आणि त्याच रात्री थंडी परत यावी, तसे झाडाचे होते.

भर हिवाळ्यातली सफरचंदाची कळी उणे १५ अंश सेल्सिअस तापमानही सोसते. पूर्ण उमललेले फूल मात्र उणे २ अंशांच्या आसपास अर्धा तास राहिले, तर दर दहा फुलांमागे एखादे मरते. पारा उणे ४ अंशांपर्यंत गेला, तर दहांतली नऊ फुले मरतात. म्हणजे दोन अंशांच्या फरकात बाग राहते किंवा जाते.

फूल मरते म्हणजे नेमके काय होते? पेशींच्या मधल्या जागेत बर्फाचे कण तयार होतात. ते पेशींतले पाणी बाहेर ओढून घेतात. पेशी आक्रसतात आणि त्यांची पातळ आवरणे फाटतात. कोवळी पाने असली, तर ऊन पडल्यावर ती उकडल्यासारखी लुळी पडतात व काळी होतात. फुलांचे तसे नसते. सकाळी फूल वरून पांढरेशुभ्रच दिसते. बागवान ते नखाने उघडून पाहतो. मधोमध, जिथे फळ धरायचे, तो भाग काळा पडलेला असतो. त्या फुलाला आता फळ येणार नाही. झाड जगते, पण पुन्हा बहर येण्यासाठी पुढच्या वसंत ऋतूची वाट पाहावी लागते. मधल्या वर्षातली मजुरांची मजुरी, दुकानदाराची उधारी, मुलांची फी, हे सगळे त्या काळ्या ठिपक्यावर अडून राहते.

२०२१ साली फ्रान्समध्ये असेच घडले. मार्चच्या अखेरीस तिथे चांगलेच उबदार दिवस आले. द्राक्षवेलींना कोंब फुटले. जर्दाळू आणि चेरीची झाडे पुढे सरसावली. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मात्र गोठवणाऱ्या रात्री आल्या. शेतकऱ्यांनी द्राक्षमळ्यांत ओळीने मोठमोठ्या मेणबत्त्या पेटवल्या आणि रात्र जागून काढली. तरी अनेक भागांतले पीक गेले. पृथ्वीचे तापमान वाढत आहे, म्हणजे हा धोका टळला, असे समजू नका. ऊब लवकर आली, की फुलेही लवकर येतात आणि उशिराच्या थंडीच्या तावडीत सापडतात.

मग या थंडीपासून झाडे कशी वाचवायची? त्यासाठी आधी रात्र कशी थंड होते, ते समजून घ्या. दिवसा जमीन उन्हाने तापते. रात्री ती आपली उष्णता आकाशाकडे सोडते. आकाशात ढग असले, तर ते पांघरुणासारखे काम करतात. वारा असला, तर वरची उबदार हवा खाली येऊन मिसळते. पण आकाश निरभ्र असेल, वारा पडलेला असेल आणि हवा कोरडी असेल, तर जमिनीची ऊब भराभर निघून जाते. थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने वाहत जाते आणि खोलगट जागी साचते. म्हणून एकाच गावात टेकडीच्या उतारावरची बाग वाचते आणि ओढ्याकाठची करपते. सर्वांत जास्त थंडी मध्यरात्री नसते. ती सूर्योदयाच्या सुमारास असते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर एका पेटीत ठेवलेला असतो. निरभ्र रात्री जमिनीलगतचे पान त्याहून काही अंशांनी अधिक थंड असू शकते. म्हणून बातम्यांत ‘किमान तापमान ३ अंश’ असे सांगितले, तरी वाफ्यातल्या पानांवर दव गोठलेले असू शकते.

आता उपाय पाहू. सगळ्या उपायांचे सूत्र एकच आहे: जमिनीची ऊब निसटू देऊ नका. आणि तयारी संध्याकाळी करा. पहाटे जाग आल्यावर धावपळ करून काही उपयोग नसतो.

दुपारीच वाफ्यांना पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. कोरड्या, भुसभुशीत मातीला ते जमत नाही. कुंड्या उचलून ओसरीत किंवा उन्हाने तापलेल्या भिंतीला लागून ठेवा. दिवसभर तापलेली भिंत रात्री रोपाला शेकत राहते.

जागेवरून हलवता न येणाऱ्या रोपांवर पांघरूण घाला. रोपाभोवती चार काठ्या रोवा आणि त्यांवर जुनी चादर किंवा गोणपाट टाका. चादर जमिनीपर्यंत पोहोचली पाहिजे. तिच्या कडा दगडांनी दाबा. पुष्कळ लोक झाडाचा शेंडा झाकून खोडाशी दोरी बांधतात. ते चूक आहे. ऊब झाडातून नाही, जमिनीतून येते. म्हणून झाकण मच्छरदाणीसारखे खालपर्यंत हवे. प्लास्टिकचा कागद वापरलाच, तर तो पानांना टेकू देऊ नका. जिथे तो टेकतो, तिथले पान हमखास करपते. अगदी लहान रोपांवर वाळलेल्या पानांचा थर हलक्या हाताने पसरा. पाहा, मराठीतला पाला उर्दूतल्या पाल्याशी असा लढतो! सकाळी ऊन वर आले, की हे सारे काढून ठेवायला विसरू नका.

मोठ्या बागेवर चादर घालता येत नाही. तिथे वेगळे उपाय करावे लागतात. जपानमध्ये चहाच्या मळ्यांत उंच खांबांवर पंखे बसवलेले असतात. शांत रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि काही मीटर उंचीवरची हवा उबदार असते. हे पंखे वरची ऊब खाली ढकलतात व चहाचे कोवळे कोंब वाचवतात.

दुसरा उपाय ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटेल. काही ठिकाणी फुललेल्या झाडांवर रात्रभर पाण्याचे तुषार उडवतात. पाणी फुलांवर गोठते आणि सारी बाग बर्फाने मढून जाते. तरी फुले जगतात! कारण १ ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर सोडते. पाणी सतत पडत आणि गोठत राहिले, तर फुलाचे तापमान शून्याच्या आसपासच राहते. फार खाली जात नाही. मात्र हे पाणी मध्येच बंद पडता कामा नये. ते बंद पडले, तर ओल्या फुलावरचे पाणी वाफ होऊन उडताना फुलातलीच उष्णता घेऊन जाते आणि काही न केल्यापेक्षा जास्त नुकसान होते. म्हणून पाणी एकदा सुरू केले, की सकाळी बर्फ वितळेपर्यंत चालू ठेवतात.

तिसरा उपाय शेकोटीचा. ओला पाला जाळून खूप धूर करावा, असे अनेकांना वाटते. पण धूर ढगाचे काम करू शकत नाही. झाडाला हवी असते ऊब, धूर नव्हे. म्हणून एका मोठ्या जाळापेक्षा बागेत ठिकठिकाणी लहान शेकोट्या चांगल्या. मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते. मुलांनो, शेकोटी मोठ्या माणसांशिवाय पेटवू नका आणि झाकलेल्या रोपांजवळ तर मुळीच नको.

आपल्या महाराष्ट्रात वसंत ऋतूत अशी थंडी पडत नाही. पण हा वैरी आपल्याला अगदीच अनोळखी नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात काही हिवाळ्यांत पहाटे दवाचे हिमकण होतात. नाशिक जिल्ह्यातील निफाड भागात काही वेळा पारा ५ अंशांच्या खाली येतो आणि द्राक्षमण्यांची वाढ खुंटते. तेव्हा शेतकरी भल्या पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, विहिरीचे पाणी वेलींना सोडतात. हिवाळ्याच्या पहाटे विहिरीचे पाणी हवेपेक्षा कोमट असते, हे तुम्ही कधी हात घालून पाहिले आहे का?

इतके करूनही एखादे झाड करपले, तर काय करावे? लगेच कोयता हाती घेऊ नका. काळी पडलेली फांदी मेली आहे, असे पहिल्या दिवशी सांगता येत नाही. दोन-तीन आठवडे थांबा. खालून हिरवा कोंब फुटतो का, ते पाहा. जिथून कोंब फुटेल, त्याच्या वरचा भाग मग कापा. झाड पुन्हा उभे राहण्याचा प्रयत्न करतच असते. त्याला थोडी सवड द्यावी लागते.

माणसाला थंडी वाजली, तर तो घरात जातो. पक्षी आडोसा शोधतो. झाडाला मात्र जिथे रुजले, तिथेच उभे राहावे लागते. त्याची राखण आपणच करायची असते. थंड प्रदेशातले बागवान म्हणूनच फुलांच्या दिवसांत संध्याकाळी एकदा अंगणात येऊन आकाशाकडे पाहतात. ढग नाहीत, वारा नाही, तारे लखलखत आहेत. इतरांना ती रात्र सुंदर वाटते. बागवान मात्र घरातल्या साऱ्या चादरी गोळा करू लागतो.

शब्दार्थ

हमखास – नक्की
करपणे – जळल्यासारखे होणे
दव – शबनम
हिमकण – बर्फाचे बारीक कण
बहर – झाडाला एकदम खूप फुले येणे
आक्रसणे – आखडणे, लहान होणे
निरभ्र – ढग नसलेले
ओसरी – घराचा पुढचा, छप्पर असलेला मोकळा भाग
गोणपाट – पोत्याचे जाडेभरडे कापड
खुंटणे – थांबणे
राखण – पहारा, हिफाजत

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘चिल्लई कलां’ किती दिवसांची असते?
(आ) रात्रीची सर्वांत जास्त थंडी केव्हा असते?
(इ) जपानमधील चहाच्या मळ्यांत पंखे का बसवतात?

२. कारणे लिहा.
(अ) हिवाळ्यात न मरणारी सफरचंदाची कळी उमलल्यावर थोड्या थंडीनेही मरते.
(आ) झाडावरचे झाकण खोडाशी बांधू नये.
(इ) तुषार उडवणारे पाणी मध्येच बंद करू नये.

३. ‘पाला’, ‘खाली’ आणि ‘ताक’ या शब्दांचे उर्दूतील आणि मराठीतील अर्थ वेगळे आहेत. प्रत्येक शब्दाचा मराठी अर्थाने वाक्यात उपयोग करा.

४. उपक्रम : हिवाळ्यात एक आठवडा रोज सकाळी अंगणातील किंवा शाळेतील एका रोपाची पाने पाहा. आदल्या रात्री आकाश कसे होते, वारा होता का आणि पानांवर दव होते का, याची वहीत नोंद करा.