मूळव्याध : अल्पछेद शस्त्रक्रिया आणि तिच्या खर्चाचा हिशेब

धाटाव औद्योगिक वसाहतीत पाळीने राबणारा कामगार असो वा कुंडलिकेच्या खोऱ्यात भातलावणी करणारी भगिनी असो, मूळव्याधीचे दुखणे बहुधा संकोचाने लपविले जाते. रक्त जात राहते, अशक्तपणा वाढतो, आणि मग भिंतीवरची जाहिरात वाचून एखाद्या अनधिकृत ठिकाणी दाहक औषधाची सुई टोचून घेतली जाते. तीमुळे गुदमार्ग आक्रसून जाण्याचा धोका असतो. म्हणून देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी ही माहिती आम्ही सादर करीत आहोत.

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. बद्धकोष्ठता, कुंथणे वा गरोदरपण यांमुळे त्या फुगून खाली घसरल्या की मूळव्याध होते. पहिल्या अवस्थेत केवळ रक्त पडते. दुसऱ्या अवस्थेत कोंब बाहेर येऊन आपोआप आत जातो. तिसऱ्या अवस्थेत तो बोटाने सारावा लागतो. चौथ्या अवस्थेत तो बाहेरच राहतो.

सुश्रुतसंहितेत अर्शावर औषध, क्षार, अग्नी व शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. आधुनिक काळात १९३७ साली मिलिगन व मॉर्गन यांनी मांडलेली कोंब कापून काढण्याची पद्धत रूढ झाली. ती परिणामकारक, पण वेदनादायी आहे. पुढे रबरी कडे बसविणे, डॉप्लर यंत्राने धमनी शोधून बांधणे (मोरिनागा, १९९५), स्टेपलर (लाँगो, १९९८) व लेझर हे उपाय आले. गुदमार्गाच्या वरच्या भागात वेदनेची जाणीव फारशी नसते. यांपैकी बहुतेक उपाय तेथे केले जात असल्याने दुखणे कमी होते व रुग्ण लवकर कामावर परततो.

मात्र नवे ते सर्वांसाठी उत्तम, असे नव्हे. २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात स्टेपलरने सुरुवातीच्या वेदना कमी झाल्या, परंतु दोन वर्षांत व्याधी पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण जुन्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक आढळले. खर्चही अधिक होता. म्हणून अवस्था पाहूनच उपाय ठरवावा लागतो.

येथे हिशेबाचा प्रश्न येतो. यंत्र एकदा घेतले की वर्षानुवर्षे चालते. स्टेपलर मात्र प्रत्येक रुग्णागणिक नवा लागतो. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, स्टेपलरवर नाही. तरीही गरीब रुग्ण अडतो तो याच आवर्ती खर्चापाशी. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खालील योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखावयाच्या असतात, आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. हा निधी मर्यादित असल्याने साहित्यासाठी दिलेली छोटी देणगीही मोलाची ठरते.

नातेवाइकांना विनंती अशी की, रक्त पडले म्हणजे मूळव्याधच, असे गृहीत धरू नये. चाळिशीनंतर रक्तस्राव, वजन घटणे वा शौचाच्या सवयीत बदल दिसल्यास कर्करोग नसल्याची खात्री करून घ्यावी. नाचणीची भाकरी, वाल, पालेभाज्या व भरपूर पाणी यांची सवय ठेवावी. प्रारंभीच्या अवस्थेत आलेल्या पुष्कळ रुग्णांना शस्त्रक्रियेची गरजच पडत नाही. संकोच सोडून वेळेवर येणे हाच सर्वांत अल्पखर्चाचा उपाय होय.