डोंगराचा पायथा गेला कुठे?

प्रश्न : आमच्या इथल्या एका सलूनच्या भिंतीवर डोंगराचं मोठं चित्र आहे. माथा ठसठशीत, मध्ये पांढरं धुकं आणि पायथा गायब! चित्रकाराला कंटाळा आला होता काय? आमच्याकडचे डोंगर तर पायथ्यापासून माथ्यापर्यंत लख्ख दिसतात.
— एक वाचक, आटपाडी

उत्तर : कंटाळ्याचा आरोप मागे घ्या. पायथाच आधी जातो. आभाळ निरभ्र असलं की रात्री जमीन भराभर निवते आणि तिला लागलेली हवाही गारठते. गार हवा जड. ती उतारावरून ओघळून खोलगट जागी साचते. तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब झाले की धुकं. ते दरीत बसून राहतं, माथा वर मोकळा. आटपाडी पडली सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, हवेत ओलच कमी, म्हणून हा देखावा तुमच्याकडे दुर्मीळ. तरी थंडीत एखाद्या पहाटे राजेवाडीच्या तलावाकडे चक्कर मारा, नशीब असेल तर दिसेल.

धुक्याचा थेंब मिलिमीटरच्या साधारण १००व्या भागाएवढा असतो. प्रकाशाच्या लहरींपुढे तो बराच मोठा, त्यामुळे सगळे रंग सारखेच विखुरतो आणि पांढरा दिसतो. हवेचे रेणू मात्र अतिसूक्ष्म. ते निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून दूरचे डोंगर निळसर. आणि तुमचे डोंगर लख्ख? मे महिन्याच्या दुपारी शुकाचार्यांचा डोंगर लांबून बघा. धुळीनं तोही पिवळट, पुसट झालेला असेल. धुकं असो की धूळ, काम एकच : दूरच्या गोष्टीतला उजेड-अंधाराचा फरक खाऊन टाकायचा.

जलरंगात धुकं रंगवत नाहीत, कागद कोरा राखतात. शिखराची कड कोरड्या कागदावर ओढायची. रंग ओला आहे तोवर त्याच्या खालच्या काठाला स्वच्छ पाण्याचा कुंचला लावायचा. रंग आपसूक खाली उतरत विरून जातो. घाई केली तर माथ्याचीही कड फुटते. उशीर झाला तर पाण्याचा डाग वाळून बसतो आणि मग कागद फाडावासा वाटतो. तैलरंगात चुकलेलं पुसता तरी येतं.

अकराव्या शतकातला चिनी चित्रकार गुओ शी यानं तर यावर नेमकं बोट ठेवलं होतं. त्याचं म्हणणं असं, की डोंगर सगळा दाखवला तर उंच वाटत नाही. कमरेला धुकं गुंडाळलं की वाटतो. न दिसणारी उंची बघणारा स्वतःच भरून काढतो.

आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार; १९३८ मध्ये त्यांनी औंधला चित्रसंग्रहालय उभारलं. कधी गेलात तर चित्रातली माणसं जरा बाजूला ठेवा आणि त्यांच्या पाठीमागचा देखावा बघा. कुठे दूरचा डोंगर असेल, तर त्याचा रंग जवळच्या झाडाशी ताडून पाहा.

सलूनमधलं चित्रही पुढच्या कटिंगच्या वेळी जवळून बघा. धुक्याची कड कात्रीनं कापल्यासारखी असेल, तर तेवढ्यापुरता तुमचा संशय खरा.