बोगद्याला आधार किती द्यावा?

डोंगराच्या पोटात खडक कसा आहे, हे बोगदा खणून होईपर्यंत कोणालाही पुरतेपणी ठाऊक नसते. पुलासाठी लागणारे पोलाद आधी पारखून घेता येते. बोगद्यासाठी मात्र डोंगर जसा असेल तसाच पत्करावा लागतो. आधाराचा निर्णय अशा रीतीने अपुऱ्या माहितीवरच घ्यावा लागतो, आणि तो चुकला तर त्याचे परिणाम आत काम करणाऱ्या मजुरांना भोगावे लागतात.

पहिली माहिती वेधनातून मिळते. टोकाला हिरे बसविलेल्या पोकळ नळीने भोक पाडून खडकाचा दंडगोल बाहेर काढतात. समजा, १५० सेंटिमीटर वेधनात १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब अशा तुकड्यांची एकूण लांबी ८४ सेंटिमीटर भरली. तिचे शेकडा प्रमाण ५६ येते. अमेरिकेतील डॉन डीअर यांनी १९६० नंतरच्या दशकात रूढ केलेल्या या मापाप्रमाणे ५० ते ७५ मधील खडक मध्यम प्रतीचा होय. परंतु या अंकावरून भेगा किती दाट आहेत एवढेच कळते. त्यांत काय भरले आहे ते कळत नाही. भेगांत ओली चिकणमाती असेल, तर मोठाले चिरेसुद्धा साबण लावल्यासारखे निसटतात. म्हणून नॉर्वेतील बार्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये भेगांचा खडबडीतपणा, त्यांतील भरण, पाणी आणि खडकातील ताण यांचाही हिशेब करणारी पद्धती मांडली. तीवरून रॉक बोल्ट पुरतील, की फवाऱ्याचे काँक्रीट व पोलादी कमानीही लागतील, याचा अंदाज येतो.

हा अंदाजच होय. हिमाचल प्रदेशातील ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यात सेरी नाल्याखालील ५८७ मीटरांचा भग्न, पाणथळ पट्टा ओलांडण्यास कित्येक वर्षे लागली.

मग सर्वत्र सर्वांत भक्कम आधार का देऊ नये? कारण बोगद्याभोवतीचा खडक स्वतःच बराचसा भार पेलतो. चेपणाऱ्या खडकाला थोडेसे सरकू दिले तर त्याचा दाब कमी होतो. त्याला ताठ कमानीने अडविले तर कमानच वाकते. उलट, आधाराला फार उशीर झाला तर खडक सैल होतो आणि त्याचा भार वाढतो. योग्य वेळ कोणती, हे मोजूनच ठरवावे लागते. त्यासाठी भिंतींत खुणेचे खिळे बसवून त्यांच्यामधील अंतर रोज मोजतात. हे अंतर दिवसाला ६, ४, २, १ मिलिमीटर असे कमी होत असेल, तर खडक स्थिरावत आहे. तेच २, ३, ५ असे वाढत्या वेगाने घटू लागले, तर आधार ताबडतोब वाढवावा लागतो.

खणण्याचे काम पुढे सरकले तरी मागची मोजणी थांबविता येत नाही. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी उत्तराखंडातील सिल्क्यारा येथे बोगदा कोसळला तो खणण्याच्या तोंडाशी नव्हे, तर प्रवेशद्वारापासून सुमारे २०० मीटर आत, आधीच खणून झालेल्या भागात. पलीकडे अडकलेले ४१ कामगार २८ नोव्हेंबरला सुखरूप बाहेर आले.